लग्न झालंच नव्हतं

किचनर, कॅनडा, मंगळवार संध्याकाळ

ग्रोसरी घेऊन घरात शिरले आणि तिचा फोन. युवराजांची होणारी बायको. तिकडे भारतात पहाट असणार.

"ताई, ते म्हणतात, तुमच्याशी लग्न झालंच नव्हतं. खरंय?"

"हो," म्हणून मी फोन ठेवला. कोर्टाने विवाह रद्द केला, म्हणजे कागदावर खरंच ना? मग सहा वर्षं त्या राजवाड्यात सून म्हणून कोण वावरत होतं? आणि ताई म्हणाली ती मला!

राहवेना. उलट फोन केला. "झालं होतं. रद्द झालं, कारण त्यांची पहिली बायको हयात होती. लपवली होती माझ्यापासून."

 तिने विचारलं, "त्या आता कुठे असतात?"

माहीत नाही. माझी फसवणूक सगळ्यांना सांगितली. त्या पहिलीबद्दल कधी विचारलंच नाही मी.