सेट चालू होता

रवि., २ फेब्रु.

आज फॉक्स हंट. गुरुमूर्ती सरांनी हेब्बाळ तळ्याच्या आसपास कुठेतरी छोटा ट्रान्समीटर लपवलेला, आणि आम्ही दहा-बारा हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, अँटेना घेऊन तो हुडकणार. मला मीटरचा काटा बघावा लागतो. इरा डोळे मिटून गोल फिरते आणि म्हणते, "बाबा, इकडे आवाज बारीक झाला." तेरा वर्षांची आहे, मोर्स माझ्यापेक्षा जलद घेते. एप्रिलात लायसन्सची परीक्षा, मग तिचा स्वतःचा कॉलसाइन, रेडिओवरचं नाव.

फ्लायओव्हरखाली कॅबवाल्याने गाडी आडवी घातली. उतरून त्याच्या दाराला लाथ घातली. पोचा पडला. तो उतरला. "एन् सार, हुच्चा?" हुच्चा म्हणजे वेडा, एवढं कन्नड येतं मला. एक ठेवून दिली. त्यानेही दिली. लोकांनी सोडवलं, शर्टाचा खिसा लोंबकळत होता.

उशिरा पोचूनही इराने फॉक्स शोधला, पंपघराच्या मागे. पहिला नंबर. येताना गाडीत खिडकीकडे तोंड. "काय गं, बक्षीस मिळालं ना?" तर हातातल्या छोट्या वायरलेस सेटचं बटण दोनदा दाबलं. टिक टिक. आमच्यात दोन टिक म्हणजे 'ऐकलं'. लायसन्स नसताना दाबायचं नसतं, पण मीच शिकवलंय.

बुध., ५ फेब्रु.

ऑफिसच्या कॉलवर मॅनेजर तेच तेच विचारत होता. म्यूट केलं आणि कीबोर्ड टेबलावर आपटला. कळा उडाल्या. मेधाने झाडून गोळा केल्या, वाटीत ठेवल्या. आम्हा दोघांच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर माझ्या मुठीचा खड्डा आहे, त्यावर तिने कॅलेंडर लावलंय. म्हणाली, "अजून एक कॅलेंडर आणून ठेवते." मला हसू आलं. तिला नव्हतं आलं.

संध्याकाळी इराबरोबर जुन्या लॅपटॉपला खिडकीतली वेगळी छोटी अँटेना जोडून रेकॉर्डर बसवला. उंचावरचा रिपीटर आमचं बोलणं सगळ्या शहरभर पोचवतो. आता त्यावर कोणीही बोललं की आपोआप फाइल होणार. कोड इराने लिहिला, मी फक्त लॅपटॉपला शिव्या घातल्या. पोट दुखेपर्यंत हसलो दोघं. असेही दिवस असतात, नोंद असावी.

रवि., ९ फेब्रु.

सकाळी नेट. दर रविवारी शहरातले हॅम रिपीटरवर हजेरी लावतात, गुरुमूर्ती सर एकेकाला पुकारतात. माझा मोठा सेट मुका. गच्चीवर गेलो तर अँटेनाची केबल तुटलेली.

घरमालकांचा पुतण्या किरण. माझ्यामुळे त्याचे स्पीकर खरखरतात म्हणून कधीपासून बोंबलतोय. दुसरं कोण असणार. डोकं फिरलं. खाली येऊन हातातला छोटा सेट सोफ्यावर फेकला, अँटेनाचा जादा पाइप उचलला. मेधा दारात. "पाइप खाली ठेव आधी." ढकललं तिला. चपलांच्या रॅकवर जाऊन पडली. मागून इरा शर्ट ओढत होती, बाबा, बाबा. वळून एक दिली. कानाखाली. जोरात बसली.

मग खाली जाऊन किरणच्या मोटारसायकलचा दिवा, आरसे, टाकी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. घरमालक रामराव अण्णा पंचा गुंडाळून बाहेर आले. पिढ्यानपिढ्या इथलेच, मराठी बोलतात ती अशी: "स्वल्प निधान, जरा सबुरीनं हो साहेब. पोरगं आत झोपलंय की. त्यानं काय केलं तुमचं?"

वर आलो तर फोन वाजतोय. गुरुमूर्ती सर, अगदी हळू इंग्रजीत. तुमच्या छोट्या सेटचं बटण दाबलेलं राहिलं होतं. नेटवर सगळं ऐकू आलं. सगळ्यांना.

सोफ्याच्या फटीत अडकून बटण दबलं असणार. हॅमला ह्या एका गोष्टीची धास्ती असते. दुसऱ्या कोणाचं झालं, त्याच्या बायकोचं बोलणं वगैरे ऐकू आलं, की आम्ही महिनाभर चिडवतो. सुटलं कसं कोण जाणे. सुटलं असेल आपोआप.

इरा बाथरूममध्ये होती. कानातून रक्त. थोडं.

सोम., १० फेब्रु.

कानाच्या डॉक्टरीणबाई. डाव्या पडद्याला भोक. कसं झालं, त्यांनी विचारलं. इरा म्हणाली, "बॉल लागला." मेधा म्हणाली, "बॉल नाही. बाप." बाई लिहीत राहिल्या, माझ्याकडे मान वळवली नाही.

कान कोरडा ठेवायचा. हेडफोन बंद. बहुतेक भरून येतं, नाही आलं तर ऑपरेशन. पूर्वीसारखं ऐकू येईल का? बहुतेक. हा शब्द घेऊन घरी आलो.

मला रडू नाही आलं, रागच आला. कोणाचा ते कळेना, तर पार्किंगच्या खांबावर मूठ मारली. सालटं निघालं. मेधा गाडीपाशी उभी राहून बघत होती. "झालं? चल."

मंगळ., ११ फेब्रु.

नवी केबल टाकायला गच्चीवर. तुटलेलं टोक प्रथमच नीट हातात घेतलं. कापलेलं नव्हतं. कुरतडलेलं. बारीक दात, एकाशेजारी एक. पाण्याच्या टाकीवर खार बसून बघत होती, शेपटी उडवत.

खाली जाऊन किरणला सांगितलं. फुटलेल्या दिव्याच्या काचा काढत होता. ऐकून घेतलं. "सरी," म्हणाला, म्हणजे बरं, आणि पुन्हा काचा काढायला लागला. त्याने मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

इरा माझ्याशी बोलते. पाणी हवंय, दार लाव, एवढंच. उजवा कान माझ्याकडे करून.

शुक्र., १४ फेब्रु.

मेधाचा भाऊ सुहास शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून आला. शांत माणूस, माझ्याशी कधी मोठ्याने बोललेला नाही. दार उघडलं तसा तोंडावर ठोसा. ओठ फाटला, रक्त दाताला लागलं. मीही हात उचलला.

इराने डाव्या कानावर हात ठेवला.

मी सुहासला मारायला निघालो होतो, तिला नाही. हे तिला सांगायचं होतं. हात वरच राहिला, मग खाली घेतला. माझ्या पोरीला माझा हात वर गेलेला दिसला की कान झाकावासा वाटतो.

मेधाने बॅगा आधीच भरलेल्या. "किती दिवस?" विचारलं. म्हणाली, "तुझ्या आवाजाने ती दचकायची थांबेल तेव्हा बघू." इराने छोटा सेट उचलला, चार्जर उचलला. विचारलं नाही. मी अडवलं नाही.

सोम., १७ फेब्रु.

काल नेटवर सरांनी सगळी नावं घेतली. माझं नाही. कोणी काही म्हणालं नाही, विनोद नाही, टोमणा नाही. ह्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

भात करपवला. पातेलं सिंकमध्ये फेकलं, सिंकला चीर गेली. साफ मीच केलं.

गुरु., २० फेब्रु.

रेकॉर्डर चालूच होता. हे डोक्यात होतं पहिल्या दिवसापासून, लॅपटॉप उघडत नव्हतो. आज दुपारी ऑफिसचं काम टाकून ९ तारखेची फाइल लावली.

आधी सर कोणाला तरी पुकारतायत. मग धप्प, सोफा. मग मी. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावर असा माणूस दिसला तर मी इराला पलीकडच्या बाजूला घेईन. मेधाचं 'पाइप खाली ठेव', रॅक पडल्याचा आवाज. आणि त्या सगळ्याच्या खाली इरा. मला वाटत होतं ती मला अडवतेय, आईची बाजू घेतेय. तसं नव्हतं. ती म्हणतेय, "बाबा, सेट चालूय. बाबा, लाल दिवा लागलाय. सगळे ऐकतायत, बाबा." दबक्या आवाजात, माझी लाज जाऊ नये म्हणून.

मग तो आवाज. टप्प. केवढा लहान आवाज आहे.

मला वाटलं फाइल तिथे संपेल. संपत नाही. माझी पावलं जिन्याने खाली जातात. मेधा म्हणते, "इरा, बघू, इरा." मग कापड घासल्यासारखं काहीतरी, जवळ, अगदी माइकपाशी. तिचा श्वास. उशी सरकते. आणि बंद.

सेट आपोआप नव्हता सुटला. कानातून रक्त येत असताना तिने तो फटीतून काढला, बटण सोडवलं, आणि मग बाथरूममध्ये गेली.

पुन्हा नाही लावली. रडलो. लॅपटॉप फोडावासा वाटला, कोड तिचा आहे म्हणून ठेवला.

रवि., २३ फेब्रु.

सकाळी कप फेकला. घरात कोणी नाही, कारणही नाही, दूध उतू गेलं एवढंच. फुटल्यावर त्या आवाजाने मीच दचकलो. म्हणजे राग गेलेला नाही. हे मेधाला सांगायला हवं, बरा झालोय असं सांगून बोलवायचं नाही.

नेट संपत आलं तेव्हा बटण दाबून कॉलसाइन सांगितला. सर म्हणाले, "गो अहेड." घरगुती बोलायला ही जागा नाही हे त्यांना ठाऊक, मलाही. पण मारलं ते इथे ऐकू गेलं होतं, दुसरीकडे कुठे बोलणार? मराठीत बोललो. निम्म्यांना कळलं नसेल.

"इरा, सेट चालूय म्हणून तू सांगत होतीस. मी आत्ता ऐकलं. तेव्हा ऐकायला हवं होतं. मी तुला मारलं. तुझी काही चूक नव्हती. तू ऐकत असशील तर उत्तर देऊ नकोस, नुसतं ऐक."

बटण सोडलं. रिपीटरचा शेवटचा खरखराट, मग काही नाही. के. आर. पुरमला तो छोटा सेट लागतो की नाही, तिने चालू ठेवलाय की कपाटात टाकलाय, कुठल्या कानाला लावलाय, काहीच माहीत नाही.

एक टिक आली.

कोणाचीही असेल. कोणाचं तरी बोट लागलं असेल. मी दुसरीची वाट बघत बसलो. सरांनीही पुढचं नाव पुकारलं नाही, कोणीच मध्ये बोललं नाही. शेवटी सरांनी नेट बंद केलं.

कपाचे तुकडे गोळा केले. सेट अजून चालूच ठेवलाय.