ओळ संपते तिथे

आदरणीय म्यंग बाई,

तुमचा पत्ता आता कुणाकडेच नाही, तरी लिहितो.

उल्सानच्या कारखान्यात गाड्या रंगवताना मी तुम्ही शाळेत शिकवलेली बगळ्यांची कविता मोठ्यानं म्हणायचो. परवा माझ्या जागी आलेल्या यंत्राचा हात धरून, तशीच कविता म्हणत, त्यालाही रंगवायला शिकवलं. सोदम नावाची इंजिनिअर पोरगी म्हणाली, "आजोबा, हा मध्येच थांबतो का?"

"तिथं कवितेची ओळ संपते, मी श्वास घेतो."

"याला कुठं दम लागतो? काढून टाकू?"

"टाक की."

तो थांबा गेला, तरी रंग झकास बसला. माझं काम संपलं. वाटलं, कविताही संपली.

पण आज निरोपाच्या जेवणात सोदम हळूच म्हणाली, "पहिलं कडवं सारखं तोंडात येतंय, आजोबा. पुढचं शिकवा ना."

रविवारी बोलावलंय तिला. कारखान्यातली जागा गेली, बाई, पण तुमची खुर्ची मिळाली.

तुमचा शेवटच्या बाकावरचा,
कांग दलसू