दुकान हललं की सोडणार

५ जानेवारी, सकाळी
आजपासून बंद. कायमची. शैलाला अकोल्याला जाऊन तीन आठवडे झाले. सोडलीत की फोन करा, येते, एवढंच म्हणाली. रागावलेली बायको माहेरी जाते. ही लेकीकडे गेली. जावयासमोर माझी काय शोभा राहिली?

संध्याकाळी
घेतली. दोष माझा नाही. देशीचं दुकान घरापासून एकशे बारा पावलांवर. भाजी आणायला निघालं तरी वाटेत तेच. अशा लोकेशनवर कोण टिकेल?

७ जानेवारी
मूळ सापडलं! दुकान शाळेच्या फाटकाच्या इतकं जवळ आहे की नियमात बसतच नाही. तीस वर्षं त्याच शाळेत भूगोल शिकवला आणि अंतर आज लक्षात आलं. कलेक्टर ऑफिसला अर्ज देणार. दुकान हललं की मी सुटलो.
टेपने मोजलं. दुसरं टोक शेजारच्या खुशालरावांनी धरलं. म्हणाले, मास्तर, दुकान कावून हलवून राहिले? तुमीच नका जाऊ ना तिकडे. त्यांना कायद्यातलं काही कळत नाही.

२६ जानेवारी
ड्राय डे. दिवसभर शिवलो नाही. इच्छाशक्ती! सकाळी सातच्या आत कालची उरलेली घेतली, ती धरत नाही.

१८ फेब्रुवारी
सुनावणी. दुकानदाराने मागच्या गल्लीत दार काढलंय. त्याचे वकील म्हणाले, गिऱ्हाईक तिकडूनच येतं, अंतर तिथून मोजा. मी उठून सांगितलं, मागच्या दाराला कायम कुलूप असतं, सगळे पुढूनच जातात. वकिलांनी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? म्हटलं, मी रोज जातो.
सगळे हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. माझ्याइतका नियमित साक्षीदार त्यांना दुसरा कुठे मिळणार?

३ एप्रिल
जिंकलो! दुकान हलवण्याचा आदेश. शैलाला फोन करून सोडली म्हणून सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या दुकान हलल्यापासून, पण तेवढं काय सांगायचं. ती रडत होती. जुईलीने फोन घेतला आणि विचारलं, बाबा, खरंच ना? म्हटलं, आदेशाची प्रत आहे माझ्याकडे.

२१ एप्रिल
दुकान बायपासकडे गेलं. शैला उद्या तीनपर्यंत पोचेल. घर झाडलं, तिच्या आवडीची हिरवी वांगी आणली.

२२ एप्रिल, दुपारी १
नवी जागा तरी नियमात बसते का, हे अर्जदार म्हणून मीच पाहायला हवं. बाहेरूनच बघून तीनच्या आत परत.

२३ एप्रिल
काल शैला आली होती. मला हे आज खुशालरावांकडून कळलं. कुलूप पाहून पायरीवर बसली, त्यांच्याकडे चहालाही गेली नाही. पाच वाजता मी कोपऱ्यावर दिसलो. खुशालराव म्हणाले, तुमाले सरकं चालता येऊन नव्हतं राहिलं. वहिनीनं पाह्यलं, बॅग उचलली अन् ऑटोत बसल्या. तुमच्या बाजूनंच गेला ऑटो.
मला ऑटो आठवत नाही. लाज वाटते.
अकोल्याला फोन लावला. जुईलीने उचलला. आई काय म्हणाली, विचारलं. म्हणाली, आई शाळेतल्या नोकरीसाठी अर्ज लिहीत बसली आहे. पत्ता इथला टाकलाय, अकोल्याचा.