सहाव्या फळीचा कोपरा

४ फेब्रुवारी
माझ्या हातचं: घराचा जिना, हिचं कपाट, दुकानातली एकूण एक चौकट, आणि आज संपलेल्या अक्रोडाच्या सहा फळ्या. त्रिकोण, चौरस, समलंब, आणि कोपरे छाटलेल्या तीन.

सिंप्लेक्टिक भूमिती मी कुणाच्या शिकवणीशिवाय वाचलीय. चार मितींचं अवकाश, त्यावर टोरसची क्रिया — म्हणजे दोन फिरक्या एकदम — आणि त्या फिरण्याचा सपाट नकाशा म्हणजे फळी. आतल्या प्रत्येक बिंदूमागे मेदूवड्याच्या आकाराचा अख्खा टोरस, कडेवर नुसतं वर्तुळ, आणि कोपऱ्यात सगळं स्तब्ध!

गणितसंस्थेच्या बाई बघायला येणार. काचेच्या कपाटात संच मांडायचा म्हणतात. आजवर माझ्या चौकटीत चित्र दुसऱ्याचं. या खेपेला लोक माझंच काम बघतील.

५ फेब्रुवारी
मेहुणा आला. "भावोजी, चार मितींची वस्तू टांगायला खिळा कुठल्या मितीत ठोकायचा?" ही पोट धरून हसली. मी नाही.

९ फेब्रुवारी
बाई आल्या. पाच फळ्यांवर बोट फिरवलं — "हाताला सफाई आहे हं, मिस्त्री." सहावीपाशी थबकल्या.

तिचा कोपरा मी आखलेल्या चौकड्यांची एका कडेने दोन घरं, दुसरीने एक असा छाटलाय. तिरपा काप देखणा दिसतो — चौकटवाल्याचा डोळा! बाईंनी कडांचा हिशेब मांडला. अवकाश गुळगुळीत हवं तर प्रत्येक कोपऱ्यात उत्तर एक यावं लागतं. कापाच्या एका टोकाला आलं एक. दुसऱ्या टोकाला दोन. मी स्वतः पुन्हा मांडलं. दोनच!

त्या गेल्यावर फळी भंगारात भिरकावली.

१० फेब्रुवारी
काढली परत.

१३ फेब्रुवारी
बाईंना फोन. असं अवकाश नसतंच का? "असतं की हो! त्या एका बिंदूशी टोक येतं, शंकूसारखं. आमच्यातले काही त्यावरच आयुष्य घालवतात."

म्हणजे चूक माझी, पण अवकाश खरं! आणि कापही अचूक — केसभर हललेला नाही.

ही म्हणाली, "रंधा मारा नि मोकळे व्हा. कपाटात बसायचंय ना?" बसायचंय. फार बसायचंय.

१८ फेब्रुवारी
संस्थेचा निरोप आला. संच घेतात, कपाटावर माझं नाव घालतात. सहावीचा कोपरा तेवढा नियमात बसवून द्यायचा. नाही म्हटलं. दोन लाख वीस हजार देणार होते.