थोडं चाला, पण रोज

हैदराबाद

किरणच्या बाबांना यमुनाचा नमस्कार.

इथं किरणकडं सगळी बरी हायत. फोनवर तुमी नुसतं हूं हूं करता, म्हणून लिहितेय.

एक गोष्ट तुमाला सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात नातीला मांडीवर घेऊन खाली बसले आणि मला उठताच येईना. घरात कुणी नव्हतं. सूनबाई कामावरून येईपर्यंत दोघी तशाच बसून. पोर भुकेनं रडत होती, मीबी रडले.

सूनबाईनं डॉक्टरकडं नेलं. मी म्हटलं, "जन्मभर भातलावणी केली, आता मला कसला व्यायाम?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ते तेव्हाचं झालं. आता बसून बसून पाय सुस्तावलेत. थोडंच करा, पण रोज करा."

तेव्हापासून खुर्ची धरून ऊठबस करते, संध्याकाळी खाली चालते. कंटाळा येतो, जीव थकतो. पण झोप लागते, साखर उतरली, गुडघेबी कमी कुरकुरतात.

तुमी गोळ्या वेळेवर घेता ना? आपल्या शेजारची छाया फोनवर सांगत होती, छातीचं दुखणं झाल्यापासून तुमी ओटीवरून उतरत नाय. आपल्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? भीती वाटते, मला ठाव हाय. आधी विहिरीपर्यंत जा. दम लागला तर थांबा, दुसऱ्या दिवशी परत जा.

दिवाळीला मी येईन. भिवपुरी स्टेशनावर रिक्षा पाठवू नका, तुमी पायी या. वाटेत बसत बसत घरी जाऊ.

तुमची वाट बघणारी,
यमुना