बासष्ट पानं, एकेचाळीस चित्रं

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या संगणकांवर ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी, ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची आहे आणि ती कशी बसवायची याची पुस्तिका तू लिहिली आहेस, हे कळल्यावर मी चारचौघींत मिरवून घेतलं. काल ती संगणकाकडून वाचून घेतली. बासष्ट पानं! चित्र, चित्र, खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे, पुन्हा चित्र, असं एकेचाळीस वेळा ऐकलं आणि किळस आली रे. सख्खी बहीण जन्मापासून आंधळी, आणि तू चित्रं डकवतोस? संगणक बोलता कसा करायचा ते अठ्ठावन्नाव्या पानावर, परिशिष्टात, म्हणजे सगळं बसवून झाल्यावर. तोवर मी त्या मुक्या डब्यापुढे हात जोडून बसू का?

वीस तारखेला चाचणी आहे. ज्याने त्याने पुस्तिका घेऊन आपला संगणक स्वतः तयार करायचा. साहेब मला म्हणाले, तुम्ही कशाला दगदग करता, तुमचं टेबल दुसऱ्याला देऊ, तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसा आणि आल्यागेल्याला या म्हणा. बावीस वर्षं लोकांच्या तक्रारी नोंदवल्या मी! त्यांच्या त्या मधाळ आवाजाची शिसारी येते.

जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहे, पण सध्या जरा आटली आहे.
तुझी ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. पण चूक सगळी माझी नाही. मी आराखडा केला तेव्हा त्यात मजकूरच होता: आधी कशाची प्रत काढून ठेवायची, कोणत्या क्रमाने जायचं, बिघडलं तर मागे कसं यायचं. आमचे वरिष्ठ म्हणाले, वाचतंय कोण, चित्रं घाला. त्या माणसाचा मला वीट आलाय. पण तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? वीस तारखेला मी रजा टाकून येतो, शेजारी बसतो आणि पटापट बटणं दाबून देतो. कुणाला कळणारही नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा धाकटा

१० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, नाइलाजाने.

कुणाला कळणार नाही? मला कळेल ना! साहेब मला दाराशी बसवतात, तू बाजूला सरकवतोस. फरक एवढाच की तू रजा टाकून येतोस. आज साहेबांपेक्षा तुझाच तिटकारा आला. लिहिताना वाईट वाटतंय, पण लिहिते. मला एवढंच सांग, अगदी सुरुवातीला आवाज चालू करायला कोणतं बटण दाबायचं? बासष्ट पानांत नेमकं तेवढंच नाही.

उत्तर धाडशील तर आपली ओढ टिकेल.
तुझी ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा जेवणाच्या सुट्टीत पडद्याची वायर काढून ठेवली आणि माझीच पुस्तिका ऐकत बसलो. पहिल्याच पानावर होतं, निळी पट्टी दिसेपर्यंत थांबा. वीस मिनिटं गाढवासारखा थांबलो. आधी लाज वाटली, मग स्वतःचीच किळस आली. लहानपणापासून तुला पाट्या वाचून दाखवत आलो, पण तुला काय हवंय ते एकदाही विचारलं नाही.

नवी पुस्तिका सोबत आहे. अकरा पानं, एकही चित्र नाही. पहिलं वाक्य असं: संगणक सुरू करा, बीप वाजली की एस दाबा, मग एंटर. तिथून तो बोलतो. वरिष्ठ म्हणाले, हे परिशिष्टात टाका. मी टाकलं नाही. वीस तारखेला मी येत नाही.

चुका काढ, कान धर, पण दूर लोटू नकोस.
तुझा धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

झालं! तुझी अकरा पानं आधीच ऐकून पाठ केली होती. एस, एंटर, आणि संगणक बोलायला लागला. सातव्या पानावर डिस्क निवडताना तू एक पायरी गाळली आहेस, मूर्खा. तिथे मला घाम फुटला. तरी दीड तासात सगळं पार पडलं. डोळस मंडळींना पुस्तिकेतली चित्रं पडद्यावर सापडेनात, तेव्हा ती माझी अकरा पानं मागून घेऊन गेली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला, आणि लगेच शिपायाला सांगितलं, बाईंची खुर्ची दाराशी न्या, येणाऱ्यांना प्रेरणा मिळेल. ओकारी यायची तेवढी बाकी राहिली. मी खुर्ची सोडली नाही. सगळ्यांसमोर संगणकावर तक्रारींची नवी नोंदवही उघडली आणि लिहायला घेतलं. संगणक मोठ्याने वाचत गेला: तक्रार क्रमांक एक, तक्रारदार मी, तक्रार साहेबांविरुद्ध. मग ती वरच्या कार्यालयात धाडून दिली, आणि आज सकाळी येऊन माझ्याच टेबलाशी बसले.

सातवं पान लगेच दुरुस्त कर, उद्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही द्यायचं आहे. ताईवरचा जीव असाच असू दे.
तुझी ताई