न डकवलेले पान

मी, खाली सही करणारी विधवा, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्या मुलाला विचारावे. ते ठिकाणावर नाही असा दाखला मिळवायला तो किती दिवस डॉक्टरांचे उंबरे झिजवतो आहे, आणि डॉक्टर देत नाहीत. माझा आत्मा प्रभूचा आहे, त्याचे काय करायचे ते तो पाहील. बाकीच्याचे मी पाहते.

आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते. हे शांतपणे केले आहे, म्हणून जास्त कडक आहे.

कलम १. बँकेतील ठेव आणि माझ्या दोन बांगड्या थोरल्याला, म्हणजे वर सांगितलेल्या मुलाला. त्याने जन्मात एक पुस्तक पुरे केले नाही, त्यामुळे आमचे कधी मतभेद झाले नाहीत. पैसा त्याच्या हातात टिकणार नाही. सुनेने त्यावर काही बेत आखू नयेत.

कलम २. माझे खळीचे भांडे, चपटा ब्रश आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी चर्चच्या वाचनालयाच्या रखवालदाराला, ज्याला सगळे किटली म्हणतात.

हे त्याला का, ते सांगणे भाग आहे. वाचनालयात येणारी प्रत्येक नवी कादंबरी आधी माझ्याकडे येई. चर्चच्या मंडळीने मला तसा अधिकार दिला होता. माझे पती बाइंडर होते. खळ करायला त्यांनीच शिकवले: मैदा, तुरटी आणि कसर लागू नये म्हणून मोरचूद. जे पान कोणाच्या हाती पडू नये असे मला वाटे, ते मी शेजारच्या पानाला डकवून टाकी. एकही पान मी न वाचता डकवलेले नाही, हे इथे नमूद करते. रखवालदाराने काय करावे? चहाची किटली उकळत ठेवून पुस्तके वाफेवर धरली आणि सुटलेली पाने गुपचूप लोकांना दाखवू लागला. रांग लागली. रविवारी पहिल्या बाकावर डोळे मिटून बसणारे सगळे त्या रांगेत होते. आणि त्यांना सापडले काय, तर मरणाऱ्या माणसाची प्रार्थना. दारुड्याचे एका परिच्छेदात झालेले परिवर्तन. सगळ्यांची तोंडे बघण्यासारखी झाली. किटली माझ्याकडे आला आणि दाराशी उभा राहून हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही चुकून चांगली पानं चिकटवलीत. घाण सगळी तशीच राहिली."

मी त्याला सांगितले की माझ्याकडून काही चुकलेले नाही. ते त्याला कळले नाही, पाळकांना कळले नाही आणि ज्यांनी मला अधिकार दिला त्यांनाही कळले नाही. त्यांनी अधिकार काढून घेतला. भांडे किटलीने घासून घ्यावे.

कलम ३. माझा चष्मा पाळकांना. नंबर जुळणार नाही, पण त्यांना कुठे वाचायचे असते. पुस्तकाच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचून ते व्यासपीठावरून कादंबऱ्यांची शिफारस करतात. देहाचे आणि शिव्यांचे मला वावडे नाही. शास्त्रात दोन्ही आहेत आणि तिथे कोणी पान डकवायला गेलेले नाही. मला खोटे खपत नाही. आजच्या कादंबऱ्यांत पाप पानोपानी असते, पण पापी शोधून सापडत नाही. प्रत्येकाने आपल्या बालपणाकडे बोट दाखवायचे आणि लेखकाने मान डोलवायची. शेवटी क्षमा ठरलेली. कोणी कबूल केले नाही, कोणी भरून दिले नाही, खिडकीतून ऊन आत आले की झाली क्षमा. त्या एका गोष्टीसाठी माझ्या प्रभूला रक्त सांडावे लागले. यांचे एका ओळीत भागते. पाळकांच्या सात्त्विक कादंबऱ्या तर याहून वाईट, कारण त्या प्रभूच्या नावाने खोटे बोलतात. त्या मी पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत डकवल्या.

कलम ४. माझ्या नणंदेला काहीही देऊ नये. धाकटीची कादंबरी वाचून तिने मला फोन केला आणि रडत म्हणाली, "वहिनी, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो. किती गोड आहात तुम्ही त्यात." उरलीसुरली सहानुभूती तिने स्वतःसाठी ठेवावी.

कलम ५. धाकटी म्हणजे माझी मुलगी. ती कादंबऱ्या लिहिते आणि लोक त्या वाचतात. एका कादंबरीत तिने मला घातले आहे. नाव बदलले आहे, हात माझेच आहेत. शेवटच्या प्रकरणात ती आई खाटेवर पडून मुलीची क्षमा मागते, मुलगी तिचे डोके मांडीवर घेते, आणि खिडकीतून काय येते ते वर लिहिलेच आहे.

ती प्रत मला द्यायला धाकटी स्वतः आली. पर्स मांडीवर धरून खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "आई, मला तुझं मत हवंय. बाकी कुणाला काय वाटेल ते वाटो."

वाचून सांगते म्हटले. त्यानंतर ती येई तेव्हा विचारी. मग विचारायची बंद झाली, मग यायची बंद झाली. मी सांगितले नाही. जी क्षमा मी मागितली नाही ती परस्पर छापणाऱ्या मुलीने थोडी वाट पाहिली तर बिघडत नाही.

हे घर, आतल्या सामानासकट, मी धाकटीला देते. अट एकच. माझ्या शवपेटीचे झाकण लावण्याआधी तिने मंडळीसमोर उभे राहून माझ्या प्रतीतून जेवढे वाचता येईल तेवढे मोठ्याने वाचावे. सगळी पाने डकवलेली आहेत. तिथे खळ नाही, सुताराकडचा गोंद आहे, तेव्हा किटलीने वाफ वाया घालवू नये. एक पान मोकळे आहे. ते तिला शोधावे लागेल, आणि शोधू द्यावे. मध्येच कोणी गीत सुरू करू नये.

त्या पानावर लहान मुलगी आईच्या खळीच्या भांड्यात बोट बुडवून तोंडात घालते. आई तिला अशी थप्पड मारते की तिचा कान टेबलाच्या कडेवर आपटतो. मग तिला नळाखाली धरून साबणाने तोंड इतके घासते की ओठ फुटतात. मग ब्रश पुसते आणि कामाला लागते. धाकटीने हे एक शब्दही न बदलता वाचावे आणि खाली बसावे. वाचले नाही तर घर वाचनालयाला जाईल आणि किटली तिथे चहा करील.

वकिलांनी दफनाआधी तिला इथपर्यंतच वाचून दाखवावे. पुढचे कलम कबरीवर माती पडल्यानंतर.

कलम ६. धाकटे, मत मागितले होतेस ना, घे. तुझ्या कादंबरीतली आई खोटी आहे. तू मला न विचारता चांगली केलीस. माझा न्याय करायला एकजण बसला आहे, त्याच्या हातातले काम तू काढून घेतलेस. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे आणि रागावलेलीच जाणार आहे.

मोकळे ठेवलेले पान मात्र खरे आहे. कान, टेबलाची कड, साबण, ब्रश, सगळे तसेच. आजच्या कोणाच्याही पुस्तकात इतके खरे पान मला सापडले नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचले.

त्यात एक गोष्ट नाही, कारण ती तुला ठाऊक नव्हती. खळीत मोरचूद असे. ते विष आहे. ब्रश पुसताना मी तुझ्याकडे पाठ केली, ती माझे तोंड तुला दिसू नये म्हणून.

हे मी क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. पुढच्या आवृत्तीत हे घालू नकोस. पान बिघडेल.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार, ज्यांना कायद्याने यातले काही मिळू शकत नाही आणि ज्यांनी तरीही जिने चढून यायची तसदी घेतली:
१. खालच्या मजल्यावरील औषधविक्रेता (सही)
२. समोरच्या घरातील निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: माझे घर, खळीच्या डागांचे टेबल
दिनांक: ४ फेब्रुवारी, रविवार, उपासनेनंतर